वन्स मोर काका

हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मस्कतच्या सभागृहातून वन्स मोर काकांना बाहेर काढलं, तेव्हा मी त्यांना ओळखत नाही म्हणालो. आत खुर्चीवर त्यांना बसवलं होतं मीच.

काका मालवणकडचे, मस्कतमध्ये वादी कबीर भागातल्या गॅरेजात एसीचे मेकॅनिक. दुरुस्त केलेला कंप्रेसर सुरू झाला की टाळी वाजवून "वन्स मोर!" म्हणायचे, आणि बंद करून पुन्हा सुरू करायचे. गावच्या संगीत नाटकांतून लागलेली सवय. आवडलेलं पद परत म्हटल्याशिवाय नटाला सोडायचं नाही.

मस्कतच्याच हमरिया वस्तीत आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी सभागृहात दारावर असायचो. उरलेल्या कार्यक्रमपत्रिका त्यांच्यासाठी आणायचो; ते अडखळत इंग्रजी वाचायचे. एकीत लिहिलं होतं, अठराव्या शतकात लंडनला खास लिहून घेतलेली सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा लोकांनी मधेच टाळ्या वाजवून एक भाग परत वाजवायला लावला. काका उठून बसले. "अरे, म्हणजे ती आपलीच माणसां मरे! थंय पण वन्स मोर!"

तीच सिम्फनी दुसऱ्या रात्री आमच्या सभागृहात परत होती. एक खुर्ची रिकामी राहिली. दिवे मंदावताना मी काकांना आत घेतलं. इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस.

"टाळी एकदम शेवटी हां काका. आता मधे कुणी वाजवत नाही."

"होय रे."

दुसरा भाग संपला. सगळे गप्प. एवढं चांगलं वाजवून कुणी दाद देईना, हे त्यांना सहन झालं नसावं. उभे राहून खणखणीत ओरडले, "वन्स मोर!"

त्यांना बाहेर आणल्यावर सभागृहाच्या साहेबांनी तिकीट मागितलं, मग माझ्याकडे वळले. "तुम्हारा आदमी है?"

"नहीं सर. पहचानता नहीं."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ये उधर देख रहा था साब. मैं घुस गया."

खोलीवर त्यांनी भात वाढला, बांगड्याचा मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. मीही जेवलो.

गल्लीत बातमी पसरली. "काय काका, फुकटात घुसलात म्हणे!" ते हसायचे. मी शेजारी चहा पीत असायचो. कंप्रेसर सुरू झाला की आता नुसते हात पुसायचे.

दोन वर्षांनी व्हिसा खलास करून गावी गेले. गेल्या वर्षी वारले. मला रडू आलं नाही. हमरियात अजूनही कुणी न बोलावता जेवायला आलं की "वन्स मोर काका आले" म्हणतात. काका घुसले नव्हते, मी त्यांना हाताला धरून आत नेलं होतं, एवढं त्या माणसांना सांगायचं देणं माझ्यावर आहे. अजून सांगितलेलं नाही.