पाहणीला आलेले हात

संघटना म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाल, नारळ आणि व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेली माणसं यायची. त्यामुळे गिरणाऱ्याच्या अलीकडे आमच्या रानात मी भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी काढली, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं नर्सरीवाल्यांच्या संघटनेच्या वाटेला गेलेच नाही. हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं, प्लॅस्टिकचे ट्रे आणले, त्यांत नारळाचा भुसा भरून टोमॅटो, मिरची, कोबी पेरायला लागले. शेतकरी येत, रोपं बघत, घेऊन जात. आपलं बरं चाललंय, कशाला कुणाच्या पुढेपुढे करा, असा माझा खाक्या.

तो खाक्या बियाण्यानं मोडला. टोमॅटोच्या चालत्या वाणाचं बियाणं मला ऐन हंगामात मिळेना. कंपनीचा माणूस गोड बोलून मला वाटेला लावायचा. संघटनेच्या सभासदांची मागणी मात्र एकत्र नोंदवलेली असायची, त्यांचं बियाणं वेळेवर पोचायचं. परवान्याचं नूतनीकरणही तसंच. मी कृषी कार्यालयात चकरा मारून चपला झिजवायची आणि संघटनेचे सचिव सगळ्यांचे कागद एकदम नेऊन काम उरकून यायचे. शेवटी नाक मुठीत धरून मी अर्ज केला.

सचिव म्हणजे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत. अर्ज वाचून त्यांनी विचारलं, "बैठकीला मिस्टर येतील ना?"

"ते अंबडला कंपनीत आहेत. त्यांना लेथ मशीन कळतं, रोप कळत नाही. मीच येईन."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. संघटनेतल्या आणखी दोन-तीन नर्सऱ्या बायकांच्या नावावर होत्या, पण बैठकीला चहा प्यायला त्यांचे नवरे यायचे. ही बाई जड जाणार, असं सरांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मला त्याचा थोडा आनंदही झाला.

सभासद करून घेण्याआधी संघटनेची माणसं नर्सरी बघायला येतात. याला पाहणी म्हणतात. तशी ती माझ्याकडेही आली. अध्यक्ष, सर आणि आणखी दोघं. अध्यक्ष सत्तरीच्या घरातले, दिंडोरीकडचे. आमच्या भागात ट्रेमध्ये रोपं करायला सुरुवात केली ती त्यांनीच, त्यामुळे त्यांचा शब्द मोठा. गाडीतून उतरता उतरता त्यांनी तंबाखू मळली, चुना लावला, चिमूट ओठाखाली सरकवली आणि हात धोतराला पुसले.

माझ्या शेडच्या दारात पाण्याची बादली आणि साबण असतो. कामाला येणाऱ्या बायका हात धुतल्याशिवाय आत जात नाहीत, तो माझा नियम. मी बादलीकडे बोट करून म्हटलं, "काका, हात धुऊन घेता का?"

अध्यक्ष हसले. "अगं पोरी, हे हात रोपांतच म्हातारे झालेत." आणि आत गेले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले.

नर्सरीवाल्यांना एक खोड असते. दुसऱ्याच्या नर्सरीत गेलं की ते मधल्या वाटेनं चालतात आणि कडेच्या ट्रेमधलं रोप मानेला धरून अलगद उपसतात. मुळं पांढरी आहेत का बघतात आणि रोप परत त्याच जागी खोचतात. अध्यक्षांची आणखी एक सवय होती. ते चालता चालता ट्रेवरच्या कोवळ्या शेंड्यांवरून तळवा फिरवायचे, लेकराच्या डोक्यावरून फिरवतो तसा. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाताना एका कडेला आणि येताना दुसऱ्या, त्यांचा हात थांबला नाही. "झ्याक केलीत रोपं," ते म्हणाले. खरं सांगते, मला भरून आलं. इतकी वर्षं राबत होते, पण ज्याला कळतं अशा माणसाकडून कौतुक ऐकलं नव्हतं.

मी सभासद झाले. संघटनेत शाल-नारळ कमी आणि कामं जास्त होती, हे मला लवकरच कळलं. त्यांची एक रीत तर मला फारच आवडली. प्रत्येक सभासदानं आपल्या मागणीपेक्षा थोडे जास्त ट्रे पेरायचे आणि ते दाराजवळ वेगळे ठेवायचे. त्यांना राखीव ट्रे म्हणतात. कुणाची रोपं काही कारणानं गेली, तर बाकीच्यांनी आपापले राखीव ट्रे त्याला द्यायचे, म्हणजे त्याच्या शेतकऱ्याची लागवड अडत नाही. मीही लगेच दाराशी माझे ट्रे मांडले. दुसऱ्यांचे असे ट्रे मलाच लागतील असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या हंगामात माझी सगळ्यात मोठी मागणी हरसूलकडच्या एका शेतकऱ्याची होती. डोंगराच्या उतारावर त्यानं पहिल्यांदाच वाफ्यांवर मल्चिंगचा प्लॅस्टिक पेपर अंथरून, ठिबक टाकून टोमॅटो करायचं ठरवलं होतं. तो दर बाजाराला जाता-येता शेडमध्ये डोकावायचा, रोपं बघायचा आणि न बोलता निघून जायचा. त्याला बघून त्या पट्ट्यातले आणखी शेतकरी माझ्याकडे येणार होते. त्याची लागवड साधली तर माझ्या नर्सरीचं नाव होणार होतं, फसली तर त्या रस्त्यानं पुन्हा कुणी माझ्या शेडपाशी थांबणार नव्हतं.

पाहणीनंतर आठवडा-दीड आठवड्यानं टोमॅटोच्या पानांवर पिवळट-हिरवे चट्टे दिसायला लागले. पानं चिंबल्यासारखी झाली. आमच्याकडे याला सरळ व्हायरस म्हणतात. त्यावर औषध नाही, रोपं उपटून लांब नेऊन गाडायची, एवढाच उपाय. मी शेडमध्येच मटकन बसले आणि तिथून एक गोष्ट दिसली. रोगट ट्रे सगळे मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना होते. आतल्या रांगा हिरव्यागार. बियाणं एकाच पाकिटातलं, भुसा एकाच पोत्यातला, पाणी एकाच टाकीतलं. कडेच्या ट्रेंना वेगळं झालं होतं ते एवढंच, की त्यांच्यावरून हात फिरला होता. तंबाखूच्या हातानं टोमॅटोला हा रोग लागतो, हे नर्सरीच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. दारातली बादली मी त्यासाठीच तर ठेवली होती.

माझ्या डोक्यात सणक गेली. पण फोन करायला दुसरं होतं कोण? सरांनाच केला. रोपं गेली एवढंच सांगितलं.

दुपारी अध्यक्ष आणि सर हजर. कारणं नाहीत, उद्या बघू नाही. सरांनी रोगट पानं बघितली, बियाण्याचं रिकामं पाकीट मागून घेतलं आणि म्हणाले, "ताई, काळजी करू नका. बियाण्यातूनच रोग आलाय असं आपण कंपनीला कळवू. त्यांचा माणूस उद्या इथे उभा करतो. तुम्ही एकट्या गेलात तर ते दाद देणार नाहीत, संघटना गेली की भरपाईचं बोलतात."

हे खरंच होतं. आदल्या वर्षी मिरचीचं बियाणं उगवलं नाही तेव्हा संघटनेनंच कंपनीला वाकवलं होतं आणि ते अगदी न्यायाचं होतं. आता मीही सभासद होते, माझ्या मागेही ती माणसं उभी राहिली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. कंपनीला काय फरक पडतो? आणि अध्यक्षांना तोंडावर बोललीस तर पुढच्या वर्षी बियाणं कोण देणार तुला?" त्याचं चुकत नव्हतं. पण मला त्या शेतकऱ्याचा चेहरा आठवत होता. बियाणं खराब म्हटलं असतं तर त्याच पाकिटातली आतली चांगली रोपंही मला देता आली नसती. आणि चार दिवसांनी हेच अध्यक्ष असाच हात घेऊन दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये गेले असते. मला राग होता, भीतीही होती.

सकाळी कंपनीच्या माणसाच्या आधी अध्यक्ष आणि सर आले. शेतकरीही आला होता, सरांनीच त्याला फोन केला होता. दाराशी उभा राहून त्यानं एकच विचारलं, "ताई, माझ्या रोपांचं काय हाय?"

मी त्याला थांबा म्हटलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "काका, एकदा माझ्याबरोबर चाला." आम्ही मधल्या वाटेनं चाललो. मी कडेचे ट्रे दाखवले, मग आतले दाखवले. रांग संपली तेव्हा म्हटलं, "बियाण्यात रोग असता तर सगळीकडे दिसला असता. त्या दिवशी तुम्ही जिथून हात फिरवलात तिथेच तो आहे."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ताई, संघटना तुमच्यासाठी भांडायला निघालीय आणि तुम्ही अध्यक्षांवरच येता? अशानं सभासदत्व टिकतं का?"

"नाही टिकलं तर नाही टिकलं," मी म्हटलं.

अध्यक्षांनी खाली वाकून कडेचा एक ट्रे बघितला, मग आतला बघितला. पुन्हा कडेचा. हात मात्र या वेळी लावला नाही. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझाच राग पातळ झाला. मग ते दाराशी गेले, त्या शेतकऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, रोग मी आणला. बाईंचा दोष न्हाई, बियाण्याचा बी न्हाई. मला हात धुवा म्हणल्या व्हत्या, मी धुतले न्हाईत."

म्हातारं माणूस आपल्यासमोर असं उभं राहिलेलं शेतकऱ्याला अवघड झालं असावं. "मंग आता काय करायचं?" तो म्हणाला. "रान तयार हाय. लय दिस थांबता यायचं नाय."

"थांबायचं न्हाई," अध्यक्ष म्हणाले आणि तिथूनच त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. सर बाजूला जाऊन उभे होते. मग त्यांनीही खिशातून फोन काढला आणि कंपनीच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राखीव ट्रे आले. कुणी टेम्पोत पाठवले, कुणी मोटारसायकलवर पुढे एक मागे एक असे बांधून आणले. तो वाण सगळ्यांकडे नव्हता. जी तूट राहिली ती अध्यक्षांनी भरली, त्यांच्या स्वतःच्या शेतासाठी केलेल्या रोपांतून. ते स्वतः आले नाहीत. त्यांच्या मुलानं ट्रे उतरवले आणि म्हणाला, "बाबा म्हणाले, यांना मी हात लावलेला नाही असं सांग." माझ्या आतल्या रांगांतली चांगली रोपं आणि ही मिळून शेतकऱ्याची गाडी भरली. त्याची लागवड झाली, पीकही बरं आलं. पुढच्या हंगामात तो आपल्या भावकीतल्या दोघांना घेऊन आला.

पुढच्या बैठकीत माझं सभासदत्व निघालं नाही. अध्यक्षांनी उभं राहून झालेला प्रकार सांगितला, काही लपवलं नाही, आणि प्रत्येक नर्सरीच्या दारात बादली आणि साबण ठेवायचा ठराव स्वतःच मांडला. सरांनी तो लिहून घेतला. बैठक संपल्यावर सर मला म्हणाले, "ताई, पुढच्या पाहणीला तुम्ही येत जा." माफी मागितल्यासारखं काही ते बोलले नाहीत, पण मला तेवढं पुरलं. तेव्हापासून मी पाहणीला जाते, आणि दारात आधी मीच हात धुते.

गेल्या महिन्यात अध्यक्ष माझ्याकडे आले होते. आता त्यांचं वय दिसतं. तंबाखू काही सुटलेली नाही, ती ओठाखाली होतीच. दारात त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा घासली. आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून आत आले. सगळ्या नर्सऱ्यांत ते आता असेच हिंडतात, हे मला लोकांनी सांगितलं होतं, बघितलं पहिल्यांदा. टोमॅटोच्या ट्रेपाशी थांबून म्हणाले, "जरा एक उपसून दाखव."

मी रोप उपसलं, मुळं दाखवली. "काका, हात धुतलेत तुम्ही. घ्या की हातात."

"नको. दिसतंय मला."

ते पुढे चालायला लागले. जन्मभर ज्यांनी रोप हातानं ओळखलं, ते आता माझ्या रांगांतून परक्यासारखे चालले होते. मला ते बघवेना. खरं बोलल्याचा मला कधी पस्तावा झाला नाही, तेव्हाही नाही.

मी त्यांना शेडच्या पलीकडच्या टोकाला नेलं. तिथे कोबीचे ट्रे होते, निळसर हिरवे, विकायला तयार. "इथे फिरवा हात," मी म्हटलं. "कोबीला तो रोग लागत नाही."

त्यांनी आधी कोबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाठीमागचा हात पुढे आला, पण ट्रेच्या वर जरासा थांबला.

"नक्की ना?"

"नक्की."

मग त्यांनी तळवा टेकवला आणि रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेले. परत येताना ते दुसऱ्या बाजूच्या ट्रेंवरून हात फिरवत आले.