तांबीची तपासणी आणि येळवस

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, एक बॅटरी, उकळून गुंडाळलेली हत्यारं आणि एकवीस बायकांच्या नावांची यादी होती. शिवाय नर्स विमलबाईंची दोन पत्रं होती. त्या दोन्ही पत्रांवर मी चिडलेली होते.

आदल्या थंडीत दुधनीजवळच्या एका खेड्यात मी या एकवीस जणींना तांबी बसवली होती. तांबी म्हणजे गर्भाशयात बसवायचं, तांब्याची तार गुंडाळलेलं, बोटाच्या दोन पेरांएवढं साधन. एकदा बसवलं की काही वर्षं मूल राहत नाही, आणि हवं असेल तेव्हा काढता येतं. आमच्या दवाखान्यातले थोरले डॉक्टर म्हणत, की खेड्यातल्या बायका हे चार महिन्यांत काढून टाकतात आणि तपासणीला तर फिरकतच नाहीत, तेव्हा हे शहरातच बरं. मी भांडून एक वर्ष मागून घेतलं होतं. ते आता संपलं होतं. बायका तपासणीला आल्या तर त्या गावातलं आमचं काम चालू राहणार होतं, नाही आल्या तर गाशा गुंडाळायचा होता.

खरं सांगायचं तर यादीतल्या एका नावाने माझी झोप उडवली होती. ते नाव गौरव्वाचं. चौथ्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं, की ती सोलापूरहून जिवंत परत आली याचंच गावाला नवल वाटलं. आणखी एक बाळंतपण तिला घेऊनच गेलं असतं. शस्त्रक्रियेला घरचे तयार नव्हते, म्हणून मी तांबी बसवली होती. त्या गावातच राहणाऱ्या विमलबाईंच्या पहिल्या पत्रात मात्र लिहिलं होतं, 'दोघींनी काढा म्हटलं, काढून दिली. गौरव्वाची सासूही काढा म्हणून आली होती.' पुढे काय झालं याचा पत्ता नाही! मागितल्याबरोबर काढून दिली म्हणून मी बाईंना कार्डावर चांगलंच फैलावर घेतलं आणि तपासणीची तारीखही कळवली. त्यावर त्यांचं दुसरं पत्र आलं, दोनच ओळींचं. 'आपण कळवलेल्या दिवशी अमावस्या आहे. तारीख बदलावी.' अमावस्येला घाबरणारी नर्स! माझं डोकंच फिरलं. उलट टपाली कळवलं, तारीख बदलणार नाही.

सोलापुरात उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. शुक्रवार पेठेत माझी मावसबहीण सुधाताई राहते. तिने शेंगांची चटणी, दही आणि पापडासारखी कुरकुरीत कडक भाकरी पुढे ठेवली. दुधनीला उद्या जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "उद्या अमावस्या की गं! परवा जा."

"तूसुद्धा?" मी म्हणाले, आणि भाकरी संपेपर्यंत तिला चंद्र, पृथ्वी आणि अंधश्रद्धा यांवर व्याख्यान दिलं. ती बिचारी दही वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर इतकी भरलेली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या साड्या, कपाळभर कुंकू, फडक्यांनी बांधलेल्या टोपल्या, गाडगी, मडकी. सगळ्या डब्यात लसणाचा आणि तिळाचा वास. कुणाचं तरी लग्न असेल, असं मी ठरवून टाकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. कमरेच्या वर आलेला शाळू, शेंगांनी वाकलेली तूर, मधूनच करडईचे हिरवे पट्टे. नागणसूरच्या आसपास गाडीने हिसका दिला आणि समोरच्या बाईच्या मडक्यातलं काहीतरी पांढरं, आंबूस माझ्या साडीवर सांडलं.

"अय्यो! आंबील सांडली की!" ती आधी कानडीत आणि मग मराठीत हळहळली. मग हसून म्हणाली, "असू द्या अक्का. आजच्या दिशी अंगावर आंबील पडली तर चांगलंच असतंया."

आजच्या दिवशी असं काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी रुमालाने साडी पुसत बसले.

दुधनीला तालुक्याच्या दवाखान्याची जीप आली होती. आम्ही दीड कोसावरच्या त्या गावात शिरलो. गाव रिकामं होतं. दाराला कडी, कडीला कुलूप, गोठ्यात जनावर नाही, पारावर माणूस नाही. एक कुत्रं तेवढं जीपकडे बघून भुंकलं. आणीबाणी उठून पावणेदोन वर्षं झाली होती, पण सरकारी जीप दिसली की नसबंदीच्या धास्तीने रानात पळणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली होती. मला वाटलं, संपलं. आपल्याला भिऊन अख्खं गाव पळालं.

दवाखान्याच्या पायरीवर विमलबाई बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, अंबाड्यात शेवंती.

"पळाले ना सगळे?" मी जीपमधून उतरतानाच विचारलं.

"पळतील कशाला? येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आहे आज. सगळं गाव रानात जेवायला गेलंय."

"मग तसं लिहायचं नाही का तुम्ही?"

"लिहिलं होतं की. अमावस्या आहे म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही भुताखेतांना घाबरताय!"

विमलबाईंना असं हसू फुटलं की त्यांनी दाराची चौकट धरली. "अहो बाई, या अमावस्येला हितं कोण घाबरतंय? वर्षभर वाट बघतात! चला, आता रानातच चला."

माझं पुरतं हसं झालं होतं. मी आंबिलीचे डाग पडलेली साडी सावरत बांधावरून त्यांच्या मागे निघाले. ज्याच्या त्याच्या शेतात धूर, चुली, पोरांचा कालवा. गौरव्वाच्या रानात कडब्याची कोप (झोपडी) उभी केली होती. आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते आणि घरधनी ताक शिंपडत शेताला फेरी घालत होता. चुलीपाशी गौरव्वा होती. मी आधी तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि मग तसं पाहिल्याची मला लाज वाटली. लुगड्याच्या घोळात काही कळतही नव्हतं.

मी तोंड उघडणार तोच विमलबाईंनी माझ्या हाताला चिमटा काढला. "नैवेद्य होऊ द्या. जेवल्याशिवाय आज कामाचं बोलायचं नसतं."

मग पत्रावळीवर भज्जी आली. तिच्याशी आपल्याकडच्या कांदाभज्यांचा काही संबंध नाही. ही डाळीच्या पिठात शिजवलेली, तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, जे जे रानात असेल ते घातलेली दाट भाजी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) आणि वरून लोटाभर आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण घातलेली. चिंता होतीच, तरी मी तीन उंडे खाल्ले.

हात धुतल्याबरोबर मी गौरव्वाच्या सासूला, नीलव्वाला, विचारलं, "तांबी काढायला तुम्हीच गेला होता ना?"

"व्हय, गेल्ते की," नीलव्वा ठसक्यात म्हणाली. "ही म्हनली कंबर दुकतीया. म्हनलं, नको ती तार. मागं जीप आली तवा माज्या ल्योकानं चार दिस तुरीत काढलं. तवापासनं सरकारचं काय बी घरात नको. तर ही विमल म्हनली, या, आत्ता काढते. भांडली न्हाई, भ्या दाकवलं न्हाई. हात धुऊन उबी ऱ्हायली बगा."

"मग?"

"मग म्याच म्हनलं, थांब जरा. कवाबी काढता येतंया तर आजच कशाला काढायचं? आट दिस कंबर शेकली हिची. ऱ्हायली."

मी विमलबाईंकडे पाहिलं. त्या उगाच पत्रावळ्या गोळा करत होत्या. माझं ते फटकारणारं कार्ड मला शब्दन्‌शब्द आठवलं आणि कान तापले.

"तपासायला येणार ना?" मी नीलव्वाला विचारलं.

"येतो की समद्या. तुमी व्हा म्होरं."

माझा विश्वास नव्हता. सणाचा दिवस, भरलेली पोटं, कोण येतंय! दवाखान्यात पडदा लावला, पाणी उकळलं आणि आम्ही दोघी बसून राहिलो. उन्हं कलली आणि घुंगरं वाजायला लागली. आधी एक बैलगाडी, मग तीन, मग मोजायचं मी सोडूनच दिलं. गाड्या भरून बायका! अंगण भरलं, पायऱ्या भरल्या, काहीजणी जोत्यावर टेकल्या.

"माझ्या यादीत एवढ्या नाहीत हो," मी म्हणाले.

"लेकी आल्यात की," विमलबाई म्हणाल्या. "येळवसेला प्रत्येक घर लेकींना बोलावतं. आसपासच्या आठ-दहा गावांतल्या सुना आज हितं आहेत."

म्हणजे माझ्या हट्टाने ठरलेली चुकीची तारीखच बरोबर निघाली! वर्षभर जीप फिरवूनही एवढ्या गावांच्या बायका एका अंगणात आल्या नसत्या.

सगळंच गोड निघालं नाही. एकीची तांबी आपोआप पडून गेली होती आणि ती पाचव्या महिन्यात होती. एकीला पाळीत फार त्रास होत होता, तिची काढून दिली, आणि या वेळी मी चकार शब्द काढला नाही. बाकी सगळ्या जणी मजेत होत्या.

पण त्या सगळ्यांच्या आधी मी गौरव्वाला आत घेतलं होतं. विमलबाईंनी बॅटरी धरली. तांबी जागेवर असली की तिचा बारीक दोरा दिसतो. मी वाकून पाहिलं.

पडद्याबाहेरून नीलव्वा ओरडली, "हाय का?"

दोरा होता. दिवस राहिलेले नव्हते.

"आहे! अगदी जागेवर आहे!" मी ओरडले. माझे डोळे भरून आले होते. नीलव्वाने अंगणाकडे वळून कानडीत काहीतरी ठणकावून सांगितलं आणि बाहेर एवढा हशा आणि गलका उठला की बैल बुजले. गौरव्वा टेबलावर उठून बसली आणि माझी साडी बघून म्हणाली, "बाई, आंबील सांडली व्हय? धुऊन देऊ का?"

मग नीलव्वाने आपल्या लेकीला हाताला धरून पुढे आणलं. "हिला बी बसवा. पर ही काढा म्हनली तर काढायची. आदीच सांगून ठेवते."

"म्हणेल त्या दिवशी काढू."

"तुमी कुटं असनार त्या दिशी?" ती म्हणाली. "विमल हाय न्हवं? मग चालतंय."

पुण्यातल्या त्या वर्षभराच्या वादाचं उत्तर मला त्या अंगणात मिळालं. बायकांना तांबी नको होती असं नाही, जबरदस्ती नको होती. दोरी आपल्या हातात आहे हे पटल्यावर त्यांनी ती बिनघोर ठेवून घेतली. हे विमलबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. निरोप घेताना मी त्यांची माफी मागितली, तर त्यांनी माझ्या पिशवीत उंडे कोंबले.

संध्याकाळच्या गाडीतून दोन्ही बाजूंच्या रानात पेटते पलिते फिरताना दिसत होते. येळवसेचा शेवट असाच करतात, हे या वेळी मी शेजारणीला विचारून घेतलं.

पुण्यात थोरल्या डॉक्टरांनी माझा अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "गावात केंद्र ठेवायला नर्स तयार आहे का?" मी म्हटलं, केंद्र तिचंच आहे. मग घरी जाताना आयुष्यात पहिल्यांदा पंचांग विकत घेतलं आणि विमलबाईंना कार्ड टाकलं, 'पुढच्या वर्षीची तारीख तुम्ही ठरवा.'

उत्तर तीनच शब्दांचं आलं. 'येळवस. उपाशी या.'