कृष्णाबाईची सावड

कृष्णाबाईला डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगची लाईन लीडर केलं, तेव्हा काशीरामने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, विचारलं की आता तू नक्की करणार काय? जे शेतात करत होते तेच, असं ती म्हणाली आणि तिने खरंच तेच केलं. त्यांच्या खाडीकाठच्या गावात भाताची लावणी सावडीने व्हायची, आज तुझं शेत, उद्या माझं. एखादीची कंबर धरली तर तिची रोपं शेजारणीने लावायची आणि त्याचा गवगवा करायचा नाही. वसई पूर्वेच्या गाळ्यात बायका स्टीलचे डबे पुसून, कड्या बसवून खोक्यात भरत. तिथेही कृष्णाबाईने हीच रीत आणली. कुणाचं पोर आजारी, कुणाचं डोकं चढलेलं; जिचं काम आधी उरकेल तिने आपले डबे दुसरीच्या क्रेटमध्ये सरकवायचे. मालकाला खोकी भरल्याशी मतलब.

गिरीज गावच्या रोझमेरीच्या क्रेटमध्ये मात्र डबे रोजच सरकू लागले. तिच्या उजव्या हाताची बोटं सुन्न पडायची. हातातली कडी सुटली हे तिला खाली वाजल्यावर कळे. बाई विधवा, मुलगी शर्ली अजून शिकतेय. कुणी तिला काही बोललं नाही, तिनेही कधी विषय काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग मालकाचा मुलगा प्रितेश कारभार पाहू लागला. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पत्रा कापायच्या प्रेसवर सगळे पुरुष आणि पगारही बायकांपेक्षा कितीतरी जास्त, हे त्याला खटकलं. यापुढे प्रेसवर बाईही बसेल, पगार पुरुषाइतकाच, असं त्याने सगळ्यांना जमवून सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कृष्णाबाईने तर जरा जास्तच. मग त्याने पहिलं नाव घेतलं ते रोझमेरीचं. जुनी बाई, कामात कधी कमी पडली नाही म्हणून.

रोझमेरी लग्नातल्या नवरीसारखी लाजली. कृष्णाबाईची नजर मात्र तिच्या उजव्या हातावर गेली. प्रेसचं पायडल पायाने दाबायचं, पत्रा हाताने सारायचा आणि वरून साचा आदळायच्या आत बोटं मागे घ्यायची. सुन्न बोटांना ते कळणार कसं?

सोमवारी रोझमेरी प्रेसवर बसणार होती. रविवारी कृष्णाबाईने काशीरामला सगळं सांगितलं. काशीराम म्हणाला, गप्प बस, कुणाच्या पोटावर पाय देऊ नकोस. पण सोमवारी रोझमेरी यायच्या आधीच ती प्रितेशच्या केबिनमध्ये शिरली.

"शेठ, तिच्या हातात जीव नाय. प्रेसवर नका बसवू. पॅकिंगलाच राहू द्या तिला."

प्रितेश हादरला, त्याने तिचे आभारही मानले. मग त्याने साधाच प्रश्न विचारला: हात चालत नाही, तर रोझमेरी मावशींचे डबे भरत कोण होतं? कृष्णाबाईच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. खोटं बोलायला हवं होतं, पण ते ऐनवेळी सुचलं नाही. आम्ही, ती म्हणाली.

तो मोठ्यानेच हिशेब मांडू लागला. प्रेसवर धोका, पॅकिंग होत नाही, मग यांना ठेवू कुठे? एकीला सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय नाही का? कृष्णाबाईने हात जोडले. आम्हाला तिचं काम जड नाही, चहा करायला ठेवा, दारावर बसवा, असं परोपरीने विनवलं. तो हलला नाही. वर, उद्यापासून जिचा क्रेट तिनेच भरायचा, असा नियमही करून टाकला. इतक्या वर्षांची सावड तिने अशी स्वतःच्या तोंडाने बुडवली.

रोझमेरी आली तशी प्रितेशने तिला केबिनमध्ये बोलावून कामावरून कमी केलं आणि ती पिशवी घेऊन बाहेर पडली. कृष्णाबाई फाटकापर्यंत तिच्यामागे धावली. तुझी बोटं वाचावीत म्हणून गेले, हे तिला सांगायचं होतं. पण रोझमेरीच आधी बोलली, आवाज न चढवता.

"माझा हात मला ठाव नाय काय? काल चर्चात मिसाला बसले नि ठरवलं, शेठला सांगायचं, मला मशीनची भीती वाटते, माझं पॅकिंगच बरं. कोनाला काय कळलं नसतं. तू मला एकदा तरी इचारायचं होतंस, कृष्णाबाय."

तिची रिक्षा माणिकपूरच्या बाजूला निघून गेली. कृष्णाबाई तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं तिने रोझमेरीचा क्रेट भरला होता, पण तिला काय हवंय हे खरंच एकदाही विचारलं नव्हतं.