बारा न वाजणारं घड्याळ

त्या इमारतीच्या जिन्यात एकेकाळी अशी कुजबुज होती, की झिरोबाईंनी रागाच्या भरात स्वयंपाकघरातलं घड्याळ नवऱ्याच्या अंगावर भिरकावलं, त्यातला बाराचा आकडा उडाला, आणि दुसऱ्या दिवशी बाई तेच फुटकं घड्याळ पिशवीत घालून कॉलेजात गेल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वरची ठोकाठोक स्वतःच्या कानांनी ऐकली होती. काकूंचे कान म्हणजे काय, वरच्या घरात चहात साखर किती पडली तेही सांगतील!

झिरोबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. बाई बीजगणित शिकवायच्या आणि दरवर्षी त्यांची गाडी एकाच ठिकाणी रुतायची: झिरो डिव्हायझर. स्वतः शून्य नसलेल्या, पण एकमेकींशी गुणल्या की शून्य होऊन बसणाऱ्या संख्या. पोरांच्या ते गळी उतरत नसे.

"बाई, गुणाकार शून्य म्हणजे दोघांतला एक शून्य असणारच की!"

"सगळीकडे नाही."

"मग कुठे नाही?"

बाई फळ्यावर घड्याळ काढायच्या. पोरं माना डोलवायची आणि परीक्षेत पुन्हा तीच चूक करायची. यंदा प्राचार्यांनी सांगूनच टाकलं होतं, "या चाचणीत कुणालाच जमलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हा भाग बंद." बाईंची निवृत्ती तोंडावर आलेली. भांडायला अंगात त्राण नव्हतं. पण अख्खी नोकरी जे सांगण्यात गेली ते आपल्या पाठोपाठ पुसलं जाणार, हे मात्र सलत राहिलं.

घरी तरी काय? नवरा पाट्या रंगवायचा. डोळ्यांनी दगा दिला तसा घरीच बसलेला. दोघांचं बोलणं "जेवलीस?" आणि "हो" यांच्यात आटोपायचं. त्या संध्याकाळी मात्र बाई चपलाही न काढता खुर्चीत बसल्या.

"तीन चोक किती हो?"

"बारा. हे विचारायला पगार घेतेस?"

"आणि घड्याळात बारा म्हणजे?"

"जिथून निघालो तिथेच परत."

"म्हणजे शून्य. तीनही शून्य नाही, चारही नाही, आणि एकत्र आले की शून्य."

नवरा म्हणाला, "म्हणजे दोघंही भली माणसं, आणि जोडी जमली की बारा वाजले. आपल्यासारखंच की!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. हसल्याच. थकव्यात हसू जरा सैलच सुटतं.

"मग बारा वाजू नयेत म्हणून काय करायचं?" त्याने विचारलं.

"अकरा तासांचं घड्याळ घ्यायचं. अकराचे सारखे भाग पडत नाहीत. तिथे शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार कधीच शून्य होत नाही."

"मिळतं कुठे?"

"मिळत नाही. मी फळ्यावर काढते, आणि कुणी बघत नाही."

नवरा उठला. पडून राहिलेला ब्रशाचा डबा त्याने शोधून काढला, आणि मग हातोडी.

दुसऱ्या दिवशी वर्गात शून्य ते दहा अशा अकरा आकड्यांची तबकडी लागली. बाई खुर्चीतच बसून म्हणाल्या, "काटा हाताने फिरवा. शून्य सोडून कोणतेही दोन आकडे गुणा, शून्य आणून दाखवा."

पोरांनी तीन चोक केलं, काटा एकावर थांबला. सहा दुणे, तरी एकच. बराच वेळ झगडून शेवटच्या बाकावरची मुलगी ओरडली, "बाई, या घड्याळात बारा वाजतच नाहीत!"

वर्ग खदखदला. बाई म्हणाल्या, "असल्या जगाला इंटिग्रल डोमेन म्हणतात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखा गुणक दिसला की तुम्ही खुशाल काटता ना? ते इथेच चालतं, फक्त शून्य काटायचं नाही. बाराच्या घड्याळात काटाल तर उत्तरं हरवाल."

चाचणीत पाच जणांना जमलं.

"पाचच?" प्राचार्य म्हणाले. "बरं, ठेवू हा भाग." मग आवाज खाली आणून, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना? घड्याळाचं काहीतरी कानावर आलं."

समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा फळ्यापासून सुरुवात. "ठीक आहे," एवढंच म्हणून बाई उठल्या.

घड्याळ कुणीही फेकलं नव्हतं. ते आधीपासून बंद होतं. तबकडीचा गंजलेला खिळा निघेना म्हणून नवऱ्याने हातोडी घातली, आणि जुनी तबकडी पुसून अकरा आकडे रंगवले.