पाणी आलं तर आमची बादली भरा

शांताबाई पाडाव्यांना कुणी सांगितलं असतं की एक दिवस तुम्ही नवऱ्याला कुलपात ठेवाल, तर त्यांनी सांगणाऱ्याला चार शब्द सुनावले असते. नायगावच्या चाळीत सेहेचाळीस वर्षं संसार झाला, दार लागायचं ते फक्त झोपताना. मग चाळ पाडायला घेतली आणि टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर घर मिळालं. सगळे म्हणाले, नशीब काढलंत! पण गणपतरावांच्या डोक्यातून एकेक गोष्ट आधीच निसटायला लागली होती. नवं घर त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. सकाळी टमरेल घेऊन ते मजल्याच्या टोकाला संडास शोधायचे आणि सारख्या दिसणाऱ्या बंद दारांपुढे उभे राहायचे. एकदा तर भर दुपारी परळच्या पुलाखाली सापडले. तेव्हापासून दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली शांताबाईंच्या मंगळसूत्रात आली. त्या घरात आल्यापासून गणपतरावांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती.

लेकीनं, अक्षतानं, हवापालट म्हणून अंदमानची सहल ठरवली. मोबाइलवरच्या फोटोत समुद्र होता, झोपडी होती, नारळाची झाडं होती. नील बेटावर उतरल्यावर उरलेलं सगळं दिसलं. झावळ्यांचं एकच लांबलचक छप्पर, त्याखाली ओळीनं पाच खोल्या, मध्ये बांबूचे तट्टे, पुढं सलग पडवी आणि पडवीच्या टोकाला सगळ्यांना मिळून दोन संडास. नळाला पाणी उजाडताना तासभर.

"अगं, बाबांना असल्या ठिकाणी आणलंस?" शांताबाई भडकल्या.

"आई, पैसे परत देत नाहीत गं ते," अक्षता रडवेली झाली.

आलिया भोगासी म्हणत शांताबाई कामाला लागल्या. खांबाला दोरी बांधून टॉवेल टाकले, बॅगा खाटेखाली सरकवल्या, बादली दाराजवळ ठेवली, तिच्यावर तांब्या पालथा घातला. आपण नायगावची खोली लावतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. खाटेवर बसलेले गणपतराव मात्र एकटक बघत होते.

दुसऱ्या दिवशी जाग आली तर खाट रिकामी. समुद्र पन्नास पावलांवर होता. शांताबाई अनवाणीच बाहेर धावल्या, आणि पडवीच्या टोकाला नळाच्या रांगेत गणपतराव! हातात बादली, खांद्यावर टॉवेल. पुढच्या माणसाला, शेजारच्या खोलीत उतरलेल्या माहीमच्या सिडनीला, ते नळाखाली भांडं नीट धरायला शिकवत होते.

"अगो शांता, नीज तू. माझो नंबर इलो!"

शांताबाई पडवीतच खांबाला टेकून बसल्या. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्यांना भीती वाटत होती.

पुढचे तीन दिवस गणपतराव एकटे टोकाला जात आणि दारं मोजत बरोबर परत येत. तट्ट्यापलीकडे सिडनीची बायको ओल्गा खोकली की इकडून ओरडत, "वयनी, सुंठ देऊ काय?" तिकडून उत्तर यायचं, "चहात टाकून द्या, गणपतराव!" मग दोघंही हसत. मुंबईहून इतक्या लांब येऊन समुद्र काही गणपतरावांनी पाहिला नाही. त्यांना शेजार सापडला होता.

"आपण इथंच राहिलो तर?" शांताबाईंनी एकदा लेकीला विचारून पाहिलं.

"आई, असं कसं राहता येईल?"

कसं, ते शांताबाईंनाही माहीत नव्हतं. तरी लेकीनं नाही म्हणायला नको होतं असं त्यांना वाटलं.

निघायच्या सकाळी जीप आली. "एका लग्नाला जाऊन येऊ," असं शांताबाई खोटंच म्हणाल्या. गणपतराव लगेच तयार झाले. स्वतः कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि किल्ली ओल्गाच्या हातात दिली. "आमी जरा जावन येतंव, वयनी. पाणी इला तर आमची बादली भरा."

ओल्गानं शांताबाईंकडे पाहिलं. "भरते हां," ती म्हणाली. "निर्धास्त जा." शांताबाई तोंड फिरवून जीपमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉवरची लिफ्ट अठराव्या मजल्यावर थांबली. शांताबाईंनी दार आतून लावलं, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. बॅगा उघडेपर्यंत गणपतराव टमरेल हातात घेऊन दाराशी जाऊन उभे राहिले होते. त्यांनी कडी हलवून पाहिली. मग वळून, परक्या बाईमाणसाशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाले,

"बाई, जरा दार उघडतास? घराक जावचा हा. आमची शांता वाट बघता."

शांताबाईंचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला.