कंटाळ्याचा कौल

कंटाळ्यावर लिहिलेली माझी पहिली कथा संपादकांनी परत पाठवली. कोपऱ्यात शेरा होता : ‘नायिकेला कंटाळा येतो, असे आपण पानोपानी सांगता. तो दिसत नाही. वाचकाला मात्र येतो. शब्द शोधा.’

मला संताप आला. मी वास्कोत वाढलेली, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. बंदरावरच्या भोंग्याने उठायची आणि सात भाषांतली भांडणे ऐकत शाळेत जायची सवय. लग्न होऊन पेडण्याच्या टोकाला, केरीला आले. नवरा पहिल्या बसने पणजीला कचेरीत जाई, तो दिवेलागणीला परते. घरात सासू, सासरे आणि मी. कंटाळा कशाला म्हणतात ते या गृहस्थांनी मला शिकवायचे? पण शेऱ्यात तथ्य होते, म्हणून जास्तच झोंबले.

तेव्हा गोवा नुकताच घटक राज्य झाला होता आणि मराठी की कोकणी यावर दुकानाच्या पायरीवर रोज हमरीतुमरी चाले. आमच्या घरात बोलायचे एकीत, लिहायचे दुसरीत आणि देवाशी दोन्हींची खिचडी, त्यामुळे भांडायला कुणी उरत नसे. मी आपली कामे करता करता शब्द पारखत होते. ‘नीरस’ नारळ खवताना आठवून बघितला. हात ओले, शब्द टिकेना. ‘रुक्ष’ म्हणावे तर केरीच्या हवेत पापडसुद्धा धड वाळत नाही. ‘एकसुरी’ बरा वाटला होता, पण पाव आणणाऱ्या पोदेराचा भोंपू आणि मासे घेऊन येणाऱ्या बाईची हाक यांचे सूर जन्मात जुळले नाहीत. ‘रटाळ’ हा शब्द दुसऱ्यांच्या कथांसाठी राखून ठेवला. ‘घाण्याचा बैल’ तर इतक्यांनी जुंपला होता की बिचाऱ्याची दया आली.

शेवटी वैतागून सगळी विशेषणे खोडली. सकाळी पोदेर आला, दुपारी माशांचे हुमण आणि भात झाला, संध्याकाळी बस आली, दुसऱ्या दिवशी पोदेर आला, असेच लिहीत गेले. नायिकेच्या तोंडी फक्त एकदा, आमच्याकडे म्हणतात तसे, ‘वाज इलो’, म्हणजे कंटाळा आला, एवढे घातले. कथा छापून आली.

शेजारचे निवृत्त मास्तर अंक घेऊन आमच्या सोप्यावर बसले आणि त्यांनी ती सासू-सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मी जनेलाच्या गजांआड उभी. कौतुक होईल किंवा कडाक्याचे भांडण होईल, दोन्हींची तयारी होती. सासूबाईंनी शांतपणे विचारले, “हिच्या घोवाक पणजेक नोकरी?”

“कथेतल्या बाईच्या नवऱ्याला,” मी म्हटले.

“आणि पोदेर खंयचो? आमचोच मां?”

सासरे मात्र गंभीर झाले होते. कंटाळा हा त्यांच्या लेखी शब्द नव्हता, बाधा होती. “लिवक बसाक लागली आणि कंटाळ्यान धरली,” त्यांनी निदान केले. “देवाक इचारूया. डावो कौल दिल्यान तर लिवणा बंद.” छपरावरचे कौल बदलायचे ठरवावे इतक्या सहजपणे त्यांनी हे ठरवले. नवरा सरकारी नोकर. प्रकरण वरच्या कचेरीत गेले की तो तोंड उघडत नसे. सासूबाई चुलीकडे वळल्या.

आदल्या दिवशी मला हसू येत होते. देवळात पाय ठेवला आणि ते आटले. गुरवाने ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नारळ ठेवून त्याने गाऱ्हाणे घातले, “बा म्हाराजा, ह्या लेकराक कंटाळो इलो आसा, तो खंयसून इलो तां तुका ठावक! लिवणा तिका लाभता तर उजवो दी, बाधता तर डावो दी!” जमलेला अख्खा वाडा ओरडला, “व्हय म्हाराजा!”

पाकळ्या हलल्या नाहीत. गुरवाने पुन्हा तेच गाऱ्हाणे घातले, लोकांनी पुन्हा तेच उत्तर दिले. मग पुन्हा. माणसे जांभया देऊ लागली. मला मात्र क्षणभरही कंटाळा आला नाही. डावीकडची पाकळी सुकत चालली होती, तिची कड वर वळत होती, आणि मी तिच्याकडे डोळे फाडून बघत होते. त्या घरात लिहिण्यावाचून माझे स्वतःचे असे काही नव्हते. मी भयंकर घाबरले होते.

पाकळी एका टोकावर लोंबू लागली आणि बायकांमधून सासूबाई उठल्या.

“पुरो आता. देवाक वाज इलो.”

“अगो, देवाक कसो कंटाळो?” सासरे दचकून म्हणाले.

“कसो म्हणजे? तोच नारळ, तांच गाऱ्हाणा. तुमी सांगतास आणि तो आयकता. जाता खंय बिचारो?” कुणीतरी खुदकन हसले. त्या हसल्या नाहीत. “मी ह्या घरात इलंय तेव्हा हिच्यापरास ल्हान होतंय. तुका कंटाळो येता काय गो, म्हणान माका एक दिस कोणी इचारूक नाय. नारळ ठेवची गोष्टच सोडा.”

इतक्या वर्षांत सासऱ्यांना हा प्रश्न सुचला नव्हता हे चेहऱ्यावर लख्ख दिसत होते. खरे सांगायचे तर मलाही कधी सुचला नव्हता.

गुरवाने सासऱ्यांकडे पाहिले. सासरे खाली बघत होते. मग त्याने आपणहून दोन्ही पाकळ्या हलकेच काढल्या आणि तबकात ठेवल्या.

सासूबाईंनी पदर खोचला आणि माझा दंड धरला.

“तुझा लिवन झाला मां? आता घराकडे चल. माझा लिव.”