आईला दिलेला आकडा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. देवापुढेही कधी बोलले नाही — त्याला माहीत असेल तर असू दे. तुम्हाला सांगते आहे, पण एक अट. मध्येच 'वय लहान होतं' वगैरे म्हणायचं नाही. पदवी घेऊन नोकरीला लागलेली बाई लहान कसली?

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वाशीत तेव्हा इमारती कमी आणि चिखल फार. तिथे बाजार-पाहणी करणारं आमचं ऑफिस होतं. आपला माल कुठे खपेल, हे कंपन्यांना हवं असायचं. आमची माणसं घरोघर जाऊन प्रश्न विचारायची, उत्तरं लोकांच्याच शब्दांत उतरवून आणायची, आणि मी त्या उत्तरांना आकडे द्यायचे. नोकरदार एक, मजूर दोन, स्वतःचा धंदा तीन, गृहिणी चार. ह्याला वर्गवारी म्हणतात. आमचे साहेब, सबनीस, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे — हे आकडे म्हणजे नुसती नावं आहेत. चार हा तीनपेक्षा मोठा नाही. वजनाचे, पगाराचे आकडे वेगळे, तिथे जास्त म्हणजे जास्त. इथे तसं नाही.

मला ते कळलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण मनातून मी चारला तीनच्या वरच धरत होते. का? सांगते ना, घाई कसली.

मी मोऱ्याची, उरणजवळच्या बंदरावरची. कोळ्याची पोर. आई डोक्यावर पाटी घेऊन उरणच्या बाजारात मासळी विकायची. वाशीत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पाटील आडनाव कामी आलं — पाटील काय, कुठलेही असतात. 'उरणकडची' एवढंच म्हणायचे. आणि आई? गृहिणी. ऑफिसात डबा उघडण्याआधी हात साबणाने दोनदा धुवायचे, आठवडाभर मासळीला शिवलेलंसुद्धा नसताना. हसा खुशाल.

मग एका बर्फाच्या कंपनीचं काम आलं. मोऱ्याच्या धक्क्याजवळ डेपो काढायचा त्यांचा विचार होता, पण रोज थोडा थोडा बर्फ घेणारे किरकोळ विक्रेते तिथे आहेत का, ते आधी बघायचं होतं. आईचा जीव अडकला होता त्या डेपोत. दुपार झाली की उन्हाने मासळी नरम पडायची, गिऱ्हाईक नाक मुरडायचं, आणि ती मिळेल त्या भावाला देऊन मोकळी व्हायची. तिने आळीतल्या बायकांना गोळा करून सांगितलं, कोणी विचारायला आला तर दार लावू नका, बोला. सगळ्या बोलल्या.

ती उत्तरं माझ्या टेबलावर आली. पुरुषांनी सांगितलं होतं, होडीची मासळी थेट मुंबईला जाते. आणि 'आपण काय करता' ह्यावर एकीमागून एक सगळ्या बायकांचं तेच उत्तर — "घरचा बघते न बाजार करते." आमच्याकडे बाजार करणे म्हणजे बाजारात बसून विकणे. वाशीच्या माणसाला वाटणार, बाई भाजी आणायला जाते. सबनीसांना शंका आली, हे त्यांचं मोठेपण. कागद घेऊन ते माझ्याकडे आले.

"मिस पाटील, तुम्ही तिकडच्या ना? हे बाजार करते म्हणजे नक्की काय? काही विकतात का ह्या?"

सरळ प्रश्न होता. शेजारच्या टेबलावरच्या दोघी कान देऊन होत्या. त्या गठ्ठ्यात पाटील पुष्कळ होत्या, त्यातली एक माझी आई. हो म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं — मग तुमच्या घरीही का?

मी म्हणाले, "नाही साहेब. बाजारहाट. घरचा."

आणि सगळ्यांना चार दिला. आईलाही. खरं सांगू? आईला चार देताना मला बरं वाटलं. तिला वरच्या पायरीवर बसवल्यासारखं वाटलं.

ह्याला चूक म्हणू नका. चूक सबनीसांची झाली असती, त्यांना शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता. जात, काळ, ऑफिसातल्या लोकांची नाकं — ही कारणं मलाही पाठ आहेत, आणि त्यातलं एकही खोटं नाही. पण मी त्यांच्या आड लपणार नाही. त्याच ऑफिसात, त्याच लोकांत, 'हो, विकतात' असं म्हणता येत होतं. मी म्हटलं नाही.

अहवालात लिहिलं गेलं, किरकोळ विक्रेते नाहीत. डेपो दुसरीकडे गेला.

रविवारी मी घरी होते. दुपारी आळीतल्या बायका आमच्या ओट्यावर आल्या. त्यांनी आईला धरलं. "तूच पुढं होतीस. कायतरी वाकडा बोललीस, न बरफ गेला." माझी आई भांडणात कुणाला हार जाणारी नव्हती, उरणच्या बाजारात तिच्या तोंडाला भले भले भ्यायचे. त्या दिवशी तिने सगळं ऐकून घेतलं. बायका गेल्या, तशी ती आत आली. "माजाच चुकला गो," म्हणाली. "मना नीट सांगता नाय आला." मरेपर्यंत ती तेच मानत होती.

मी तेव्हा जेवत होते. मी ताट पुढे केलं आणि म्हणाले, आई, कालवण वाढ. तिने वाढलं.